डाव्या चाकाचा आवाज

उकव्याचा बाजार मागे पडला, गाडीनं पहिला मोठा खड्डा घेतला आणि बंडोपंतांना पुढच्या डाव्या चाकातून आवाज ऐकू आला. टक्. ढिली कडी वाऱ्यानं दारावर आपटावी तसा. त्यांनी जावयाकडे पाहिलं. कुशलराव एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं गाणं शोधत होते.

मागे श्रुतिका आणि सहा वर्षांची अबोली बसल्या होत्या. लेक आणि नात संक्रांतीला माहेरी, बालाघाटला निघाल्या होत्या. चार दिवस जावयाला मिळालेल्या खाणीच्या क्वार्टरवर पाहुणचार घेतलेले बंडोपंतही त्यांच्याबरोबर घरी परतत होते. मान म्हणून पुढची सीट त्यांना मिळाली होती. आवाज तिथंच, त्यांच्या पायाखाली होता.

गाडी चालवणं बंडोपंतांना कधी जमलं नाही. पण तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला छापलेलं काही समोर आलं की वाचल्यावाचून राहवत नाही. क्वार्टरवरच्या रिकाम्या दुपारी त्यांनी कुशलरावांचं आयटीआयच्या दिवसांतलं मोटार दुरुस्तीचं जाडं पुस्तक वाचून काढलं होतं. चाकाला खालून एक लोखंडी गोळा धरून ठेवतो. खुब्याचं हाड वाटीत फिरावं तसा तो आपल्या वाटीत फिरतो. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. वाटी झिजली की खड्ड्यात टकटक होते. गोळा वाटीतून निसटला तर चाक आडवं पडतं, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी ऐकत नाही.

टक्, टक्.

पुढे घाट होता. उतार, वळणं, आणि डाव्या हाताला दरी.

सांगायचं कसं? जावयाच्या गाडीत बसून तिला नावं ठेवायची? घरून निघताना बायकोनं, आशालताबाईंनी बजावलंच होतं, जावयाला शहाणपण शिकवू नका. शिवाय श्रुतिकाच्या लग्नातली गोष्ट होतीच. गॅस गळतोय असा वास येतो म्हणून बंडोपंतांनी आचाऱ्याच्या साऱ्या शेगड्या विझवायला लावल्या, आणि शेवटी निघाली काय, तर हिंगाची फुटलेली पुडी. जावयाकडची कटंगीची मंडळी अजून हसतात. आताही तसंच असलं तर?

“जावईबापू, जरा थांबता का? लघवीला जाऊन येतो.”

गाडी थांबली. बंडोपंत झुडपाआड गेल्यासारखं करून परत आले, चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं चाकापाशी वाकले. आत काहीतरी रबरी फाटलेलं दिसलं. त्यावर खाणीच्या रस्त्याची काळी धूळ चिकटली होती. पुस्तकातल्या चित्रात तिथं रबराची टोपी होती. पण चित्र उजव्या चाकाचं होतं. डाव्याचं तसंच असतं ना?

ते परत सीटवर येऊन बसले.

तीन किलोमीटरवर मँगनीजचा ट्रक समोरून आला. कुशलरावांनी गाडी बाजूला घेतली, डावं चाक कडेच्या खोलगटात उतरलं आणि स्टिअरिंगनं हाताला असा हिसका दिला की कुशलरावांनी गाणं सोडून दोन्ही हातांनी ते धरलं. अबोली दोन्ही सीटच्या मधे येऊन उभी होती. तिचं कपाळ बंडोपंतांच्या खांद्यावर आदळलं.

“लागलं का गं?”

“नहीं लगा, नानाजी.”

बंडोपंतांनी दाराची कडी धरली. “जावईबापू, जरा पुन्हा...”

“मम्मी, नानाजी को फिर सुसू आई,” अबोली खिदळली.

“मामाजी, शुगर तपासून घ्या बरं तुमी,” कुशलराव म्हणाले. “बालाघाटले पोचेपर्यंत सगळं जंगल ओलं करान.”

श्रुतिकाही हसली. बंडोपंत उतरले, टायरच्या आतल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. कड गुळगुळीत झाली होती. बाहेरची नक्षी मात्र शाबूत. जोड झिजल्याची हीही खूण पुस्तकात होती. तरी ते पुन्हा मुकाट्यानं येऊन बसले. अजून सपाट रस्ता आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. अजून वेळ आहे.

घाटाच्या तोंडाशी मैनाबाईची चहाची टपरी आली, तेव्हा वेळ संपला होता.

“थांबवा.”

“आता काहून?”

“चाक बघायचंय.” आपला आवाज त्यांना परका वाटला. “डावं. जॅक लावा, जावईबापू. माझं चुकलं तर जन्मभर हसा. पण लावा.”

“अहो, परवाच तर हेमराज मेकॅनिकनं पाह्यली गाडी. चाकाचा रबरी बुश बदलला त्यानं.”

“बाबा, पुन्हा हिंग?” श्रुतिकानं विचारलं.

बंडोपंत उतरून चाकासमोर मातीत बसले. लेकीला आणि नातीला त्यांनी खाली उतरायला लावलं. चिडलेल्या कुशलरावांनी मागच्या चाकांना दगड लावून जॅक चढवला, गाडीखाली आणखी एक मोठा दगड सरकवला. चाक अधांतरी झालं. बंडोपंतांनी एक हात वर, एक खाली धरून ते हलवलं. टक्. पुन्हा हलवलं. पण त्यांचे हात कोपरापासून कापत होते. हलतंय ते चाक की मीच, हे त्यांना कळेना.

“तुम्ही आत बोट ठेवा,” ते म्हणाले. “त्या जोडावर. मी हलवतो.”

कुशलराव उकिडवे बसले, हात आत घातला. बंडोपंतांनी चाक हलवलं. कुशलरावांनी चटका बसावा तसा हात काढून घेतला. घाटात उतरणाऱ्या एका ट्रकचा हॉर्न वळणामागे विरून गेला.

“हेमराज म्हणे, जॉइंट बी गेला,” शेवटी ते पुटपुटले. “पार्ट गोंदियाहून मागवा लागते. चार दिवस गाडी उभी राहीन म्हणे. मी म्हटलं, संक्रांत होऊ दे. मामाजी हायेत घरी, त्यायले बसनं काहून धाडाचं... पण एवढा ढिला असन, असं नव्हतं वाटलं.” मग मान वर करून त्यांनी विचारलं, “तुमाले कवा समजलं?”

खोटं बोलावंसं बंडोपंतांना फार वाटलं. “बाजाराच्या बाहेर. पहिल्या खड्ड्यात.”

“म्हणजे दोघांनाही ठाऊक होतं,” श्रुतिका म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही. अबोलीला उचलून ती टपरीच्या बाकावर जाऊन बसली, आणि बैहरकडून बालाघाटची बस आली तेव्हा बापाकडे की नवऱ्याकडे, कुणाकडेच न बघता चढली. बस वळणाआड गेली. अबोली जिथं पाय टेकून उभी होती, ती दोन सीटमधली जागा उघड्या दारातून बंडोपंतांना दिसत होती. पोर पुन्हा पुन्हा पुढच्या काचेवर आदळते आहे असं त्यांना वाटू लागलं. दोनदा आपण उतरलो, दोनदा परत येऊन बसलो. ते टपरीच्या खांबाला धरून उभे राहिले.

कुशलरावांनी जॅक उतरवला, हात झटकले, मेकॅनिकला फोन लावून पाहिला. रेंज नव्हती.

“मामाजी, आता आपण दोघंच तर आहो,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “पहिल्या गिअरमंधी, सावकाश उतरवली तर? इथं कोण बसन संध्याकाळपर्यंत? मदतीले बी कोणी येणार नाई.”

‘जशी तुमची मर्जी’ हे शब्द सवयीनं बंडोपंतांच्या ओठांशी आले. लग्नापासून त्यांनी जावयाला दुसरं उत्तर कधी दिलं नव्हतं.

“चावी द्या,” ते म्हणाले.

“अहो, पण...”

“द्या.”

त्यांनी हात पुढे केला. बंडोपंतांनी तो मागे घेतला नाही. कुशलरावांनी एकदा घाटाकडे, एकदा चाकाकडे पाहिलं आणि खिशात हात घातला.