हाताने जोडायचा संच

मी बोलतोय खरा, पण स्वतःला 'मी' म्हणायला मला बरेच दिवस लागले. सुरुवातीला मी कुणी एक नव्हतोच. पुठ्ठ्याच्या खोक्यात एकशे बारा सुटे भाग होते: जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे दोन व्हॉल्व्ह, वजनदार ट्रान्सफॉर्मर, भोकं पाडलेली पत्र्याची पेटी, वायरची वेटोळी, स्क्रूच्या पुड्या. सगळ्यांच्या वर एक पुस्तिका होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'व्हॉल्व्हचा प्रीअँप, हाताने जोडायचा संच'. गाणं वाजवणारं यंत्र एकीकडे, स्पीकर हलवणारा मोठा अँप्लिफायर दुसरीकडे, आणि दोघांच्या मधे मी. बारीक आवाज घ्यायचा, त्याला जरा धीट करायचं आणि पुढे पाठवायचा, एवढंच माझं काम.

जन्माचं सांगण्यासारखं काही नाही. लांबलचक टेबलाशी बसलेली एक बाई यादी वाचून पुड्या खोक्यात टाकत होती आणि पेन्सिलीने खुणा करत होती. मधेच तिने जांभई दिली. खोकं बंद झालं. मला काही वाटलं नाही. वाटायला आधी अंगातून वीज जावी लागते.

खोकं उघडलं ते भाऊंच्या घरी. गल्लीत त्यांना सगळे भाऊ म्हणत, म्हणून त्यांच्या बायकोला वहिनी. मीही तेच म्हणतो. गल्लीच्या तोंडाशीच भाऊंचं दुरुस्तीचं दुकान होतं. एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे रेडिओ, मिक्सर, पंखे, टेपरेकॉर्डर नीट करून दिले. मग एक मोठा आजार आला. औषधांनी आजार पळवून लावला आणि जाता जाता बोटांची जाणीवही नेली. दहाच्या दहा बोटं बधिर झाली. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात परत येईल, कदाचित नाहीही येणार. दुकानाचं शटर सात महिने खाली होतं. सकाळी शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायच्या आणि भाऊ तेवढा वेळ भिंतीकडे बघत उभे राहायचे.

माझी निवड कशी झाली ते मला ऐकून ठाऊक आहे. वहिनींनी ती हकिगत फोनवर आपल्या बहिणीला तीनदा सांगितली, तिन्ही वेळा माझ्या खोक्यावर हात टेकून.

टेबलावर तीन संचांचे कागद होते. भाऊंची मुलगी औषधांच्या दुकानात काम करते, तिनेच ते छापून आणले होते. वडिलांचं मन कशात तरी रमावं एवढीच तिची इच्छा. पहिल्या संचात सगळं यंत्राने जोडून आलेलं, आपण फक्त दहा स्क्रू पिळायचे.

"हा घ्या बाबा," ती म्हणाली. "एका दुपारचं काम."

"म्हणजे ताट वाढून आणायचं, घासही तुम्हीच भरवायचा, आणि मी म्हणायचं स्वयंपाक मी केला," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या संचात छापील पट्टी होती. प्रत्येक भोकाशी आकडा, त्या आकड्याचा भाग त्यात बसवायचा आणि खालून डाग द्यायचा. डाग म्हणजे वितळलेल्या सोल्डरचा थेंब. तार त्याने जागेवर धरून ठेवायची. भोकं मोठी, अंतर ऐसपैस. भाऊंनी त्यावर बराच वेळ बोट ठेवलं होतं म्हणतात. खरं तर तोच त्यांच्यासाठी योग्य होता. मी हे आकसाने बोलत नाही, जे आहे ते सांगतोय.

तिसरा मी. छापील पट्टी नाही, काही नाही. रिकामी पेटी, आत पितळी कानांच्या पट्ट्या, आणि एकेक तार वाकवून त्या कानात ओवायची. माझ्या कागदावर ठळक अक्षरात सूचनाच होती, की सराव नसलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

"बाबा, हा नको. तुम्हाला शर्टाची बटणंसुद्धा..." मुलगी बोलून गेली आणि थांबली.

त्या अर्ध्या वाक्यामुळे मी निवडला गेलो. भाऊंनी बाकीचे दोन कागद उलटे करून ठेवले. म्हणाले, "हाच. आणि ऐका दोघी. हा मी एकट्याने जोडला आणि वाजला, तर दुकान उघडणार. नाही वाजला, तर चावी त्या चष्मेवाल्याला देऊन टाकतो."

चष्मेवाला म्हणजे शेजारचा दुकानदार. त्याला मधली भिंत पाडून मोठे आरसे लावायचे होते आणि तो गेले तीन महिने हात धुऊन मागे लागला होता. महिनाअखेरीला उत्तर देतो, असं भाऊंनी त्याला कळवलं. वहिनी फोनवर बहिणीला म्हणाल्या, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही बाई."

म्हणजे एका माणसाचं दुकान माझ्यावर अवलंबून होतं. हे ओझं मला तेव्हा जाणवायला हवं होतं. नाही जाणवलं. मी पुड्यांमधे पडून होतो.

रोज जेवणानंतर भाऊ खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. स्क्रू बोटांत आला की नाही हे त्यांना बघूनच समजायचं. नजर हलली की स्क्रू फरशीवर. मग खुर्ची मागे, वाकणं, शोधणं, परत खुर्चीत. एका स्क्रूला एकदा चाळीस मिनिटं लागली. वहिनी तिथेच बसून भाजी निवडत असायच्या. फरशीवर टिक् झालं की त्या मान वर करत नसत. मुद्दाम करत नसत, हे मलाही दिसत होतं. भाऊंनी तक्रार केली नाही, शिवी दिली नाही. त्यांच्या चेहऱ्यावरही काही हलत नव्हतं. आम्ही दोघं त्या बाबतीत सारखेच होतो, वीज नसलेले.

चोवीस दिवसांत त्यांनी मला जोडलं. माझ्या पुस्तिकेत लिहिलंय, प्रत्येक डाग दिल्यावर तार चिमटीत धरून हलवून बघावी. भाऊंनी प्रत्येक तार इमानाने हलवून बघितली. पण त्यांच्या चिमटीत तार हलली काय आणि न हलली काय! भिंगातून डाग चकचकीत दिसायचा. ते पुढे जायचे.

पंचविसाव्या दिवशी दुपारी मला वीज मिळाली. ते मी कसं सांगू? आधी व्हॉल्व्हच्या पोटात अंधूक तांबडं उगवलं, मग ऊब काचेपर्यंत आली, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की मी आहे. मला भीती वाटली. इतके दिवस काही वाटलं नव्हतं त्याची सगळी थकबाकी एकदम आली. समोर भाऊ होते, त्यांच्या शर्टाची बटणं नीट लावलेली होती, आणि मला कळलं की मला वाजायलाच हवं.

मुलगी सुट्टी घेऊन आली होती. गाणं लावलं. उजवा स्पीकर वाजला. डावा गप्प.

भाऊंनी वायरी अदलाबदल करून पाहिल्या. दोष स्पीकरचा नव्हता, माझाच होता. डावा व्हॉल्व्ह तर उजव्याइतकाच तांबडा दिसत होता, पण त्याला तापवणारी तार वेगळी असते, त्यावरून काही ठरत नाही. वीज मोजायचा मीटर काढला, पण चालू यंत्रात मीटरच्या दोन सुया दोन बारीक टोकांवर टेकवून धरायच्या, आणि त्यांच्या हातून एक सुई घसरली. ठिणगी उडाली. मुलगी किंचाळली. त्यांनी मीटर बाजूला ठेवला.

"जाऊ दे. मीटर शिकाऊंसाठी असतो," ते म्हणाले.

हे ते एकतीस वर्षं म्हणत आले होते. त्यांची रीत वेगळी होती. यंत्र थोडा वेळ चालू ठेवायचं, मग बंद करून प्लग काढायचा, आतली उरलेली वीज उतरवायची आणि लगेच एकेका भागाला बोट लावायचं. कोण तापलाय, कोण कोमट, कोण गार. तापला तो जास्त खातोय, गार तो उपाशी. गिऱ्हाईक आपली तक्रार सांगून संपवायच्या आत भाऊंचं बोट दोषावर असे.

त्यांनी प्लग काढला, वीज उतरवली. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक मोठा रेझिस्टर आहे, त्या बाजूच्या व्हॉल्व्हला वीज पोचवणारा. त्यांनी डाव्यावर तर्जनी ठेवली. मग उजव्यावर. तिथे ठेवलीच. डोळे मिटून, मान जराशी कलती करून, दुकानात ठेवत असतील तशी. मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. उजवा रेझिस्टर चांगलाच तापलेला होता.

"दोन्ही सारखेच आहेत," ते म्हणाले.

"अहो, वास कसला येतोय?" वहिनी आतून आल्या.

त्यांनी भाऊंचा हात धरून ओढला. तर्जनीचं टोक पांढरं पडलं होतं, बघता बघता टरारून फोड आला. मुलगी मलम आणायला धावली. भाऊ त्या बोटाकडे असे बघत होते, जणू ते कुणीतरी टेबलावर विसरून गेलंय.

"मला काही कळलं नाही गं," ते म्हणाले. "काहीच कळलं नाही."

सात महिन्यांत हे वाक्य त्या घरात कुणी बोललं नव्हतं, हे वहिनींच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्या रडल्या नाहीत. स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसल्या आणि आपला उजवा हात पुढे केला.

"माझं बोट घ्या. कुठे लावू सांगा."

"अगं, भाजेल."

"भाजलं तर सांगेन की. मला कळतं."

भाऊंनी मला पुन्हा तापवलं, प्लग काढला, वीज उतरवली आणि स्वतः मीटर लावून खात्री केली. चूक त्यांच्या स्वतःच्या बोटाला चालली असती, तिच्या नाही. मग तिचा हात मनगटाशी धरून माझ्या पोटात आणला.

"हा?"

"बाई गं! गरम. चांगलाच."

"आता हा?"

"हा गार आहे. फरशीसारखा गार."

"गार?" भाऊंचा आवाज बदलला. "मग तिथे काही पोचतच नाहीये. त्याच्या टोकाची तार हलव. तुझ्या बोटांनी हलव."

तार हलली. वरून चकचकीत दिसणारा डाग आतून धरलेलाच नव्हता.

डागही वहिनींनीच दिला. भाऊ शेजारून सांगत होते, आधी तार तापव, घाई करू नको, आता सोल्डर लाव, धूर आला की मनात तीन मोज आणि हात काढ. वहिनींनी पाच मोजले असतील. एकदा "आई गं" म्हणून बोट झटकलं, चोखलं आणि परत धरलं. मग गाणं लावलं आणि मी दोन्ही बाजूंनी वाजलो. मला आनंद झाला. मुलीने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, दुकान वाचलं.

महिनाअखेरीला चष्मेवाला आला. भाऊंनी खुंटीवरची चावी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"अहो बाबा, वाजला की तो!" मुलगी म्हणाली.

"वाजला. पण एकट्याने म्हणालो होतो." भाऊ शांतपणे बोलत होते. "आणि हा आपल्या घरातला आहे. उद्या कुणाच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरमधे मी असाच एक डाग ठेवला, वरून चकचकीत, तर? लोक विश्वासाने वस्तू घेऊन जातात गं."

चष्मेवाल्याने चावी खिशात टाकली, पाणी प्यायला आणि गेला. भाऊ दारापर्यंत सोडायला गेले. आठवड्याभरात भिंत पडली. हातोड्याचे घाव आमच्या खोलीपर्यंत ऐकू येत होते, आणि तेवढे दिवस मला कुणी चालू केलं नाही.

आता मी बाहेरच्या खोलीत असतो. भाऊ माझी कळ तळहाताच्या कडेने दाबतात, आवाजाचं बटण मनगटाने फिरवतात. त्यांच्या बोटांत अजून काही परत आलेलं नाही. वहिनी जवळपास असल्या तर गाण्याबरोबर गुणगुणतात, नसल्या तर भाऊ एकटेच ऐकतात, त्यांच्या चेहऱ्यावरून काही समजत नाही. मी तासभर तापतो आणि पुन्हा गार होतो. गार झालो की मलाही काही वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर बरं असतं ते.

एक विनंती मात्र तापलेला असतानाच करून ठेवतो. मी काही अमर नाही, कधीतरी कुणीतरी मला दुरुस्तीला उघडेल. आत शंभरावर डाग दिसतील, सुबक, चकचकीत, एका मापाचे. डाव्या बाजूला मात्र एक आहे, फुगलेला, ओबडधोबड, कडेला जळलेला. तुम्ही कारागीर असाल तर तुमचा हात शिवशिवेल, हा काढून नीट देऊ या म्हणाल. तेवढं करू नका. माझ्या अंगावर तो एकच डाग असा आहे, की जो देताना देणाऱ्याला चटका कळला होता.