तोडू की नको?

"जावईबापू, इकडे या जरा. चष्मा घेऊन या."

स्वल्पविरामसाहेबांचा एक बूट पायात होता, दुसरा हातात. पण सासूबाई या आवाजात बोलल्या की समोरच्याची वही तपासून झालेली असते, हे एकतीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना ठाऊक होतं. बाईंनी उभा जन्म शाळेत गणित शिकवलं होतं. ते तसेच एका बुटावर लंगडत खोलीत गेले.

बाई पलंगावर बसल्या होत्या. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात औषधाच्या खोक्यातून निघतो तो घडीचा कागद.

"हे तुमचंच लिखाण ना?"

साहेबांची कळी खुलली. औषधांच्या कंपनीत ते रेग्युलेटरी अफेअर्स मॅनेजर होते. म्हणजे नक्की काय, हे लग्न ठरताना त्यांनी सासऱ्यांना पाऊण तास समजावलं होतं. कंपनी गोळी बनवते, सरकार परवाना देतं आणि मधली अकरा हजार पानं मी लिहितो. सासरे सगळं ऐकून घेऊन म्हणाले होते, "म्हणजे कारकून." त्या अकरा हजारांतलं लोकांच्या हाती पडतं ते एवढंच पान. चार लाख प्रती निघणारा दुसरा लेखक साहेबांच्या ओळखीत नव्हता. आणि इतक्या प्रती निघून एकही वाचक नसलेलाही नव्हता.

"माझंच. का हो?"

"तिसरा परिच्छेद वाचा."

"'गोळी अख्खी गिळावी. तोडू, चावू किंवा कुटू नये.'"

"आता मागे, सहावा."

"'गोळी पांढरी, लांबट. मध्ये रेघ असून रेघेवरून...'" साहेब अडखळले.

"थांबलात का? वाचा पुढे."

"'...रेघेवरून तिचे दोन समान भाग करता येतात.'"

"पुढच्या बाजूला तोडू नका, मागच्या बाजूला तोडा. पोरांना मी भोपळा दिला असता. गोळी घशाखाली उतरत नाही, म्हणून आठ दिवस तोडून घेतेय. तुमच्या शब्दावर हो! काल न्हाणीघरात भिंती फिरल्या."

"पडलात?"

"पडते कशाला? नळ धरला. नळ ढिला झालाय, तेवढं बघा."

साहेबांनी हातातला बूट खाली ठेवला. ही रक्तदाबाची गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळावी अशी केलेली होती. तोडली की दिवसभराचं औषध तासाभरात अंगात आणि रक्तदाब धाडकन खाली. हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यावर त्यांनीच दोनशे पानं लिहिली होती. गोळी जुन्या साध्या गोळीच्याच साच्यातून निघत होती, म्हणून रेघ तेवढी राहिली होती.

"आजची घेऊ नका. डॉक्टरांना विचारतो," ते म्हणाले, आणि दुसरा बूट घालायचा विसरून फोन शोधू लागले.

ऑफिसात त्यांनी फाइल काढली. छापायला जाणारा प्रत्येक कागद दोघांनी तपासायचा, हा दंडक त्यांनीच घातलेला. एकाने विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. खाली दोन चौकटी: वाचणार, ऐकणार. त्यांच्या खोलीतून दिवसभर "स्वल्पविराम, स्वल्पविराम" असा जप ऐकू यायचा, त्यावरूनच हे टोपणनाव पडलं होतं.

पण हा कागद तपासायच्या दिवशी त्यांच्या मदतनीसबाई रजेवर होत्या आणि छापखाना खोळंबला होता. साहेबांनी स्वतःच वाचलं, स्वतःच ऐकलं. सहावा परिच्छेद त्यांनी साध्या गोळीच्या कागदावरून जसाच्या तसा उचलला होता. वाचणाराही तोच, ऐकणाराही तोच, त्यामुळे दोघांचं अगदी एकमत झालं. मदतनीसबाईंनी दुसऱ्या दिवशी येऊन सही केली होती.

साहेब फाइल घेऊन गेले तेव्हा कंपनीचे धाकटे मालक फोनवर होते. त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. महिनाअखेर साहेब निवृत्त होणार होते आणि पुढे दोन वर्षं सल्लागार म्हणून राहायचं, असं ठरलं होतं.

"काका, तो कागद वाचतं कोण?" सगळं ऐकून धाकटे मालक म्हणाले.

"माझ्या सासूबाई."

"एक बाई!"

"नमुना लहान आहे, कबूल. पण शंभर टक्के वाचकांनी गोळी तोडली."

मालकांना हसावं की रडावं कळेना. "पुढच्या छपाईत गुपचूप बदलू ना."

"आणि बाजारात गेलेली खोकी?"

"ती परत बोलवायची? डोकं ठिकाणावर आहे का, काका? आणि सरकारला पत्रात चूक कुणाची म्हणून लिहिणार?"

"माझी."

मालकांनी टेबलावरची एक फाइल उचलली आणि पुन्हा ठेवली. "तुमची सल्लागाराची ऑर्डर. आज सही करणार होतो."

"आधी पत्रावर करा. ते आज जायला हवं."

पत्र आठ ओळींचं झालं. साहेबांनी जन्मात इतकं तोकडं काही लिहिलं नव्हतं. मदतनीसबाईंना समोर बसवून त्यांनी ते वाचलं. "'चूक माझी आहे' पूर्णविराम."

"सर, सही तर मीही केली होती."

"तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. त्यासाठी चौकट नाही."

खोकी परत आली. गोदामात त्यांची भिंत उभी राहिली. महिना संपला, निरोपसमारंभात साहेबांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, भाषणं झाली. सल्लागाराचा विषय कुणी काढला नाही, साहेबांनीही नाही.

घरी आल्यावर घड्याळ त्यांनी बायकोच्या हाती दिलं. "बंद आहे हो हे!" ती म्हणाली. "सेल घालावे लागतात," म्हणत ते बाईंच्या खोलीत गेले. खिशातून नव्या कागदाचा कच्चा खर्डा काढला. पक्क्यावर मदतनीसबाईंची सही झालेली होती. हा नुसताच आणलेला.

"भिंग राहू द्या, डोळे दुखतात," बाई म्हणाल्या. "तुम्हीच वाचा."

साहेबांनी घसा खाकरला. बाईंनी डोळे मिटले. सहा परिच्छेद, सगळ्या विरामचिन्हांसकट.

"'मध्ये रेघ आहे' स्वल्पविराम 'पण ती गोळी तोडण्यासाठी नाही' पूर्णविराम."

"पुन्हा."

त्यांनी पुन्हा वाचलं. बाईंनी डोळे न उघडता हात पुढे केला. साहेबांनी त्या हातात पेन दिलं आणि खालच्या चौकटीवर बोट ठेवलं. "ऐकणार"समोर बाईंनी सही केली आणि सवयीने शेजारी लिहिलं, दहापैकी नऊ.

"एक कशाचा कापलात?"

"उशिरा दाखवलंत."

साहेबांनी मान डोलावली. खोक्यात जातो तशा नेमक्या सात घड्या घालून त्यांनी कागद खिशात ठेवला, आणि पाना घेऊन न्हाणीघरातला नळ आवळायला गेले.