कोठडी नंबर चारचं फुटेज

ग्लेना माझी धाकटी बहीण. तिला आयुष्यात कुणाशी भांडता आलं नाही आणि मला भांडल्याशिवाय राहता आलं नाही, म्हणून अपील मी लिहिलं. शाळेच्या स्वयंपाकघरात एकवीस वर्षं मी रोज चारशे पोरांना वाढतेय, मी कुणाच्या बापाला भीत नाही, असं मी तिला म्हणाले. थाप होती. सरकारी लिफाफा आला की मीही तो दोन दिवस फोडत नाही.

तिचा मुलगा डस्टिन आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगात गेला. चोवीस वर्षांचा होता. गुन्हा काय, तर लायसन्स संपलेलं असताना गाडी चालवली आणि कोर्टाच्या तारखेला हजर राहिला नाही. शुक्रवारी दुपारी पकडला, सोमवारी दुपारी संपला. त्याला नऊ वर्षांचा असल्यापासून साखरेचा आजार, इन्सुलिनशिवाय चालायचंच नाही. जेलरने पेपरात दोन ओळी दिल्या: कैद्याने कोणतीही तक्रार केली नाही, झोपेतच शांतपणे प्राण सोडला.

त्या शुक्रवारी ग्लेनाने मला शाळेत फोन केला होता. "जामीन भरून घेऊन येऊ का गं त्याला?"

"काही नको," मी म्हणाले. "बसू दे दोन दिवस आत. अक्कल येईल जरा. सोमवारी न्यायाधीश सोडेलच."

"आणि त्याचं इन्सुलिन?"

"अगं, नर्स असते तिथे. आणि त्याला तोंड दिलंय ना देवाने? मागेल की."

हे मी बोलले, मटारचा डबा फोडता फोडता. शनिवारी तिने तुरुंगात फोन करून सांगितलंही, तर तिकडून "नर्स बघेल" म्हणाले आणि ठेवला. शनिवार-रविवारी नर्स नसतेच, ती थेट सोमवारी दुपारी येते, हे आम्हाला नंतर कळलं. माझं ते बोलणं ग्लेनाने आजवर एकदाही मला ऐकवलेलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

तिला वकील नको होता, कुणाची नोकरी घालवायची नव्हती. तिला फक्त डस्टिनच्या कोठडीतल्या कॅमेऱ्याचं, कोठडी नंबर चारचं फुटेज हवं होतं. "तो झोपूनच गेला असेल तर मी गप्प बसेन, नेल्डा," ती म्हणायची. "पण त्याने हाका मारल्या असतील तर मला त्या ऐकायच्यात. तिथे कुणी ऐकल्या नाहीत ना? मग आईने तरी ऐकायला नकोत का?"

आता ट्वायलाचं सांगते. तुरुंगाच्या ऑफिसातली सगळी कागदपत्रं ट्वायला सांभाळते. कुणी सरकारी कागद मागितला तर द्यायचा की नाही, त्या उत्तरावर सही तिची. चर्चमध्ये ती आमच्या मागच्याच बाकावर बसते. डस्टिनला रविवारच्या शाळेत तिनेच शिकवलं. मयतीच्या दिवशी पहिलं भांडं तिच्याकडून आलं, बटाटे आणि हॅमचं, तळाला चिकटपट्टीवर तिचं नाव. आमच्याकडे दुःखाच्या घरी आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. म्हणून अकराव्या दिवशी ग्लेनाने त्यात सफरचंदाचा केक भरला आणि ती ट्वायलाच्या घरी गेली. केक दिला आणि तिथेच दारात फुटेजचं विचारलं.

ट्वायलाने तिचे दोन्ही हात हातात घेतले म्हणे. "माझ्यावर सोड, राणी. कागदबिगद करू नकोस. मी बघते."

ग्लेना घरी आली ती हलकी होऊन. मी म्हणाले, "लेखी दे, बाई. चिठ्ठी तरी दे." ती माझ्यावरच उखडली. "ट्वायलाला नोटीस देऊ? जिने माझ्या पोराला येशूची गाणी शिकवली तिला? लोक काय म्हणतील!" आमच्या डोंगरात ओळखीच्या माणसाला कागद देणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. कागद परक्यांना देतात. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. मीही माझ्या शेजाऱ्याला कधी कागद दिला नसता, आणि तो तर तीन वर्षं माझी कुऱ्हाड दाबून बसलाय.

पाच आठवडे गेले. दर रविवारी ट्वायला ग्लेनाचा खांदा दाबायची, "बघतेय गं," म्हणायची आणि तिची नजर भिंतीकडे. सहाव्या रविवारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ग्लेनाला शाळेच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि अर्ज लिहायला लावला. तिने सोमवारी तो नेऊन दिला.

पाच दिवसांत उत्तर आलं. नकार. मृत्यूची चौकशी चालू आहे, फुटेज उघड केल्यास चौकशीला बाधा येईल, अमुक कलम, तमुक पोटकलम. खाली ट्वायलाची सही. तिचं अक्षर मोत्यासारखं, चर्चच्या फळ्यावर तीच लिहिते.

"चौकशी कसली?" मी ओरडले. "कोण करतंय? जेलर आरशात बघून स्वतःला विचारतोय वाटतं!"

आमच्या राज्यात अशा नकारावर अ‍ॅटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाकडे, अपील करता येतं. फुकट असतं. मी अख्खा शनिवार बसून ते लिहिलं, चार पानं. जेलरला मी काय काय म्हटलं होतं ते ग्लेनाने वाचलं आणि साडेतीन पानं खोडली. उरलं ते पाठवलं. दहा दिवसांनी ते जसंच्या तसं परत आलं: मूळ अर्जाची प्रत जोडलेली नाही, सबब विचार करता येत नाही.

प्रत कुठली आणायची? ग्लेनाने एकच कागद छापला होता आणि तो देऊन आली होती. कपाळ माझं! स्वतःच्याच अर्जाची प्रत मिळावी म्हणून ट्वायलाकडे आता दुसरा अर्ज करावा लागला. तोही मी तिला दोनदा छापायला लावला. ट्वायलाने प्रत दिली, वर "देव तुमचं भलं करो" अशी पिवळी चिठ्ठी चिकटवून. मी ती फाडून टाकली. ग्लेनाने तुकडे गोळा करून ड्रॉवरमध्ये ठेवले. ती अशी आहे.

अपील पुन्हा गेलं. काउंटीच्या वकिलाने तिकडे लांबलचक उत्तर दिलं, त्यात "चौकशी" हा शब्द मी मोजला, सतरा वेळा. ते सगळे आठवडे ग्लेना टपालपेटीपाशी जाऊन उभी राहायची. टपालवाला गाडीतूनच मान हलवायचा, मग ती परत यायची. वजन इतकं उतरलं होतं की चर्चचा ड्रेस पिनांवर चालला होता. माझ्याकडे जेवायला आली की घेवडा आणि मक्याचा पाव ताटात इकडून तिकडे सारत बसायची.

आणि मग निकाल आला. आम्ही जिंकलो!

लिफाफा तिने माझ्यासमोर फोडला. काउंटीने कोणती चौकशी, कुणाची, तिला बाधा कशी, यातलं काही दाखवलेलं नाही. नकार कायद्याचा भंग करणारा होता. अर्जदाराचा हक्क होता. अर्जदार म्हणजे माझी बहीण. मी तिला मिठी मारली, ती लाकडासारखी उभी. "नेल्डा, मला ते बघवेल का गं?" एवढंच म्हणाली.

"मी बसेन तुझ्याजवळ," मी म्हणाले. त्याने मागितलं असेल तर माझं काय, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

पुढच्या आठवड्यात काउंटीचं पाकीट आलं. इतकं पातळ, की आत फुटेज नाही हे हातात घेताच मला कळलं. आत एक पान, शपथेवर. तुरुंगातले कॅमेरे तीस दिवसांनी जुन्यावर नवं रेकॉर्ड करतात. मागितलेलं फुटेज एकतिसाव्या दिवशी आपोआप पुसलं गेलं. त्यापूर्वी ते जपून ठेवण्याबाबत कोणतीही विनंती प्राप्त झाली नव्हती. सबब असा रेकॉर्ड अस्तित्वात नाही. खाली तेच मोत्यासारखं अक्षर.

म्हणजे नकार दिला तेव्हाच द्यायला काही नव्हतं. आणि अकराव्या दिवशी, केकच्या दिवशी, सगळं होतं.

मी अ‍ॅटर्नी जनरलच्या ऑफिसला फोन लावला. तिकडची मुलगी चांगली होती, बिचारी. "बाई, जे नाहीच ते द्यायला आम्ही कसं सांगणार? तोंडी विनंती कायद्यात धरत नाहीत. तुमच्या बाजूने निकाल दिलाय आम्ही." हो बाई, दिलाय. आता फ्रेम करून लावते.

ग्लेना रडली नाही. पान घडी करून पाकिटात ठेवलं आणि भांडी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी ग्लेनाला फोनवर सांगून मी शाळेतून सरळ तुरुंगाच्या गाडीतळावर गेले. ट्वायला पाचला सुटते. मला बघून तिने गाडीची किल्ली घट्ट धरली, जणू मी ती हिसकावणार होते.

"शपथेवर खोटं बोललीस," मी म्हणाले. "ग्लेना तुझ्या दारात आली होती की नाही?"

"विनंती लेखी लागते, नेल्डा."

"मला कायदा शिकवू नकोस! मी तुझं पितळ साऱ्या चर्चसमोर उघडं पाडेन. का ठेवलं नाहीस बाजूला? एक बटण दाबायचं होतं ना तुला?"

ती इकडेतिकडे बघत राहिली. मग गाडीत बसली, आणि पलीकडचं दार उघडलं. मी आत बसले.

"मी बघितलं ते," ती म्हणाली. "ती केक देऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. दार लावून बसले आणि बघितलं. म्हणूनच ठेवलं नाही."

मी माझ्या बाजूचं दार लावून घेतलं.

"शनिवारपासून तो दारावरचं बटण दाबत होता. मी मोजायला लागले आणि मग सोडून दिलं. पाणी मागत होता, औषध मागत होता. पहारेकरी एकदा आला, म्हणाला नाटकं करू नकोस. रविवारी त्याला उभं राहवेना. मग जमिनीवर दाराला टेकून बसला आणि आईला हाका मारायला लागला. लहान मुलासारख्या, नेल्डा. तो माझ्या वर्गात मारायचा ना, तशा. सोमवारी सकाळपर्यंत." तिने किल्ली लावली आणि परत काढली. "हे तिला दाखवू? आईला? मला नाही जमलं. जेलर म्हणाला जाऊ दे, आपोआप जाईल. मी जाऊ दिलं."

"तू हे कोर्टात सांगशील?"

"नाही. माझा नवरा अंथरुणाला खिळलाय, विमा माझ्या नोकरीवर आहे. विचारलंस तर म्हणेन नेल्डा खोटं बोलतेय." मग अगदी हळू म्हणाली, "तू सांग तिला, हवं तर. मला सुटल्यासारखं होईल."

मी दार आपटून उतरले. तिला शिव्या द्यायच्या होत्या, चांगल्या ठेवणीतल्या. एकही आली नाही.

ग्लेनाच्या घरापर्यंत सात मैल. सगळ्या वाटेत मी ठरवत होते की दारातच सांगायचं, श्वास घ्यायच्या आत. त्याने मागितलं होतं. तो तुला हाका मारत होता. तिला हेच तर हवं होतं.

ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, चष्मा लावून, पुढ्यात कोरे कागद. मला बघून चक्क उठली, कॉफी ओतली. "ट्वायला भेटली? काही म्हणाली का गं?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. सांगितलं तर पुढचा प्रश्न ती विचारणार नाही हे मला ठाऊक होतं. बसू दे दोन दिवस आत, कोण म्हणालं होतं, हे ती विचारणार नाही. आणि यापुढे ती जगेल तोवर, मी भांडी घासत असताना, ताट वाढत असताना, ते न विचारता माझ्याकडे बघत राहील. तिची दया आली म्हणून गप्प बसले की स्वतःची, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

"नाही," मी म्हणाले. "तिला काही ठाऊक नाही."

ग्लेनाने मान हलवली. "मला वाटलंच. पण मी विचार केला नेल्डा, कोठडीच्या दारावर बटण असतं ना? दाबलं की कुठेतरी नोंद होत असेल. ती नोंद मागू या. या वेळी लेखी, आणि दोन प्रती." तिने पेन माझ्या हातात दिलं. "तू लिही. तुझं अक्षर वाचता येतं. कोठडी नंबर चारमधून कैद्याने मदत मागितल्याचा कोणताही पुरावा, कुणाकडेही असलेला. असंच लिही, कुणाकडेही असलेला."

मी लिहिलं.