गाण्याला ‘हो’ म्हणणारा पाट

मी एक जुना लाकडी पाट आहे. जेवायला बसायचा नव्हे हं मित्रांनो. उभे राहून गायचा!

माझे मालक गाऊन प्रवचन करत. आवाज असा, की मागच्या भिंतीला टेकलेला माणूसही सरसावून बसे. उंची मात्र अशी, की दुसऱ्या रांगेपलीकडे नुसता आवाजच पोहोचे! म्हणून एका सुताराने मोडक्या दाराच्या फळ्या जोडून, खाली चार बुटके पाय लावून मला घडवले. मधली फळी जरा सैल राहिली. मालकांनी गाता गाता पाय आपटला की मी ‘धप्’ म्हणे, उचलला की ती फळी ‘खट्’ म्हणे. त्या तालावर माणसे डोलत. रडवेल्या चेहऱ्याने आलेली माणसे देवाचे नाव गुणगुणत घरी जात.

पुढे मालकांचे गुडघे कुरकुरू लागले. प्रवचने थांबली आणि मी गच्चीत कुंड्यांखाली गेलो. सात वर्षे कुंड्यांचे पाणी प्यालो. कोणी ढुंकून पाहिले नाही.

एके दिवशी मालकांच्या नातीने त्या कुंड्या उतरवल्या. ती ब्लूज रॉक, म्हणजे दुःखाची पण ठेकेदार विलायती गाणी गाणाऱ्या बँडमध्ये होती, आणि उंची थेट आजोबांची! ती माझ्यावर चढली, गिटार गळ्यात घातली, पाय आपटला. धप्-खट्! गाणे दुःखाचे होते, पण मी आनंदाने फुटायचाच बाकी होतो. मग तीन वर्षे आम्ही मिळेल तिथे वाजलो. लोक आम्हाला ‘पाटवाला बँड’ म्हणू लागले.

अखेर पहिला अल्बम ठरला. त्यातले शेवटचे गाणे फक्त नातीचे आणि माझे. मी फुगलो, या खेपेला पाण्याने नव्हे, अभिमानाने.

आदल्या दिवशी बँडच्या ड्रमवाल्याने, म्हणजे ढोल्याने, मोठ्या मायेने खालून सहा स्क्रू मारून माझी सैल फळी घट्ट बसवली. वर पॉलिशही केले. मी चकचकीत झालो, आणि मुका झालो.

रेकॉर्डिंगच्या खोलीत नातीने पाय आपटला. धप्. पुढे काहीच नाही. ती नकळत अडखळे आणि ओळ निसटून जाई. चार वेळा गाणे फसले.

“मीच घाबरलेय बहुतेक,” ती पुटपुटली.

काचेमागच्या रेकॉर्डिंगवाल्या बाई म्हणाल्या, “तो पाट राहू दे गं बाहेर. सहाला खोली रिकामी करायचीय. ड्रमवरच घेऊ.”

झाले! ढोल्याने मला बाहेर भिंतीला टेकवले. अल्बम निघणार, आणि मी त्यात नसणार.

बाहेर बाकावर मालक बसले होते. नातीसाठी काठी टेकत आले होते बिचारे. त्यांनी मला काठीने टोकले.

“ए ढोल्या, याचं तोंड कुणी शिवलं?”

“मीच दुरुस्त केला, आजोबा. केवढा खुळखुळत होता!”

“अरे शहाण्या, खुळखुळत नव्हता, ‘हो’ म्हणत होता! एकट्यानं गायचं म्हणजे कुणीतरी ‘हो’ म्हणायला लागतं. काढ ते स्क्रू.”

ढोल्याचे कान लाल झाले. “सगळे?”

“सगळे काढून पोरीला तोंडावर पाडतोस का? दोन ढिले कर. अजून अर्धा फेरा. हां! आता चढ.”

धप्... खट्!

दार उघडेच होते. नात धावत बाहेर आली. “आजोबा, हाच! मला वाटलं, मीच ताल विसरले!”

गाणे एका दमात झाले. काचेमागे बाईंचा पाय टेबलाखाली ठेका धरत होता. जमिनीतून मला बरोबर कळले!

आज त्या अल्बमचे प्रकाशन आहे. सभागृह गच्च भरले आहे. वादकांच्या यादीत ढोल्याने हट्टाने माझेही नाव छापून घेतले आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर आणि जुन्या माणसांवर माया जरूर करा. त्यांना पुसा, उन्हात बसवा, चार माणसांत आणा. पण त्यांना सुधारायला जाण्याआधी घटकाभर त्यांचे ऐका. देवाने ज्याला जो आवाज दिला, तो उगीच नाही दिला.

असो. आता मला बोलता यायचे नाही. नात माझ्यावर चढली आहे, समोर तिचे आजोबा काठी सोडून टाळ्या वाजवत आहेत, आणि हा तिने पाय उचलला!