दोन वर्षांनी मोठी

पुंजाजीचं कार्ड आलं आणि घरातली शांतता गेली.

सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही दवाखाना फुकट, उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही, अशी योजना निघाली, तेव्हा गावची आशा सेविका माधवी मोबाईल घेऊन घरोघर फिरली. तेल्हाऱ्यापासून दोन कोसांवरचं हे गाव, म्हातारी माणसं मोजून चाळीस. पुंजाजी वानखडे एकाहत्तरचा. त्यानं मोबाईलसमोर चेहरा धरला, सांगितल्यावर डोळे मिचकावले, आणि आठ दिवसांत कार्ड हातात. या माणसाला जन्मात सर्दीपलीकडे काही झालेलं नाही. अजून दातांनी ऊस सोलतो. पण कार्ड मात्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सदऱ्याच्या खिशात असं ठेवलं, की अर्धं बाहेर दिसावं.

आणि त्याची बायको पार्बताबाई, जिचे दोन्ही गुडघे गेलेले, भिंत धरल्याशिवाय जिला न्हाणीपर्यंत जाता येत नाही, तिला कार्ड मिळेना. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, ते या घरात नवराबायकोत वाटून आलं होतं.

"आजी, आधारावर सत्तावन साल हाय तुमचं," माधवी म्हणाली होती. "अडुसष्ट भरते. दोन वर्षं थांबा अजून."

"मोठ्या मानसाचा मान असते तो," पुंजाजी ओट्यावरून बोलला. "तुई पाळी येईन तवा येईन, प्रीतमचे माय."

एरवी पार्बताबाई एकाला दोन सुनावणारी बाई. या एका विषयावर मात्र ती पन्नास वर्षं गप्प होती, आणि कारण तसंच होतं.

अकोल्याच्या डॉक्टरनं एक्स-रे काढून सांगितलं होतं, दोन्ही गुडघे बदलावे लागतील, सहा महिन्यांत केलं तर चालता येईल, नाहीतर खाट आहेच. मुलगा प्रीतम अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचा. त्यानं दोन वर्षांपूर्वी हौसेनं आईचा विमा काढला होता. त्यानं कंपनीला फोन लावला. कंपनीच्या बाईनं गोड आवाजात सांगितलं, की गुडघ्याचं दुखणं विम्याच्या आधीपासूनचं आहे, त्यामुळे अजून एक वर्ष थांबावं लागेल, आणि त्यानंतरही कागद बघून ठरेल. रेशनकार्डावरच्या योजनेत त्या दवाखान्यात हे ऑपरेशन बसत नव्हतं.

"सरकार म्हनते दोन वर्षं थांब, कंपनी म्हनते एक वर्ष थांब," पार्बताबाई फोनवर मुलाला म्हणाली. "आता गुडघ्यालेच विचार बाबू, तो किती थांबते."

हसत बोलली, पण फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. चालणं हाच तिचा एक गर्व होता. शेतात निंदायला बायका निघाल्या की ही सगळ्यांच्या पुढे, बाजारातून डोक्यावर पाटी घेऊन येताना एसटी चुकली तर एसटीची वाट न बघता चालत घरी. आता शेजारची पोर येऊन पाण्याचा गडू हातात देऊन जायची. खाटेला खिळून मरायचं, या विचारानं ती रात्री उठून पाय हलवून बघायची.

आणि खरी गोष्ट अशी, की पार्बताबाई त्र्याहत्तर वर्षांची होती. सत्तरी गाठून तिला तीन वर्षं झाली होती, कार्ड तिच्या हक्काचंच होतं. मध्ये फक्त एक थाप उभी होती.

तिची आई लवकर गेली. मागं पाच लहान भावंडं. त्यांना न्हाऊ-माखू घालता घालता पार्बता बावीसची झाली. चौऱ्याहत्तर साली पुंजाजीचं स्थळ आलं, तेव्हा नवरा मुलगा वीसचा. बापाच्या आत्यानं सगळ्यांना दारामागे बोलावून बजावलं, की बावीस म्हटलं तर पाहुणे चहाचा कप तसाच ठेवून उठतील. मग सतरा सांगितलं. लग्न लागलं, संसार झाला, आणि ती पाच वर्षं कुठं गेली ते कुणी विचारलं नाही. पुढे गावात आधारचं शिबिर आलं, तेव्हा खरं सांगायची संधी होती. पण मशीनवाल्यानं वय विचारलं तेव्हा पुंजाजी नेमका पाठीमागे उभा. बायको नवऱ्यापेक्षा लहान असते एवढं गणित सगळ्या जगाला येतं. तिनं त्याच्या सालात तीन मिळवले आणि अंगठा दिला.

आता तिनं धाकट्या बहिणीला, गोदाला, फोन लावला. गोदा माहेरच्याच गावात दिलेली, कौंडण्यपूरजवळ. पार्बताबाईनं पुंजाजी शेतात असताना, तोंडावर पदर घेऊन सगळं सांगितलं.

"शायेत जाय. जुनं रजिस्टर असन. माया दाखला काढून आन. अन कोनाले बोलू नको."

"भाऊजीले?"

"त्याइले त बिलकुलच नाई."

गोदा आठ दिवसांत दाखला घेऊन आली. पार्बता हरिभाऊ तायडे, जन्मतारीख एक जून एकोणीसशे बावन्न. त्या काळी मास्तर अख्ख्या गावाला एक जूनलाच जन्माला घालायचे, पण साल खरं होतं. पार्बताबाईनं कागद लुगड्यांच्या घडीत ठेवला. बेत सोपा होता. तेल्हाऱ्याला आधार केंद्रात जायचं, साल दुरुस्त करायचं, माधवीकडून कार्ड काढायचं. पुंजाजीला सांगायचं की सरकारनं वयाची अट खाली आणली.

पण भिंत धरून चालणारी बाई तेल्हाऱ्याला एकटी जाणार कशी? पुंजाजी ऑटो घेऊन आला, तिला हात देऊन बसवलं आणि शेजारी स्वतः बसला. पार्बताबाईनं सांगितलं होतं, फोटो जुना झाला तो बदलायचा आहे.

केंद्रात वीस-पंचवीस माणसं. नंबर आला तसं तिनं नवऱ्याला सांगितलं, "घसा सुकला. चहा आना बरं एक." पुंजाजी गेला. खिडकीमागे कुंदन नावाचा पोरगा बसला होता. कामाला चलाख, पण आवाज असा, की गल्लीच्या टोकाला म्हैस बांधली असेल तर तिनं मान वर करावी.

"बावन साल टाकाचं ना आजी?" कुंदन ओरडला. "पैले सत्तावन हाय. पाच वर्षांचा फरक म्हनजे लय झाला. अन दाखल्यावर पार्बता हरिभाऊ तायडे हाय, आधारावर पार्बताबाई पुंजाजी वानखडे. दोघी एकच हाय म्हनून तहसीलमंदून प्रतिज्ञापत्र आनाव लागन. घरधन्याची सही पायजे त्याच्यावर. आजोबा हायेत ना?"

"हाओ, हाओ," मागून आवाज आला. चहावाल्याचं दुकान शेजारीच निघालं होतं. पुंजाजी दोन कप घेऊन उभा होता.

"आजोबा, तुमचं साल कोनतं?"

"चोपन," पुंजाजी सवयीनं बोलला.

"म्हनजे आजी तुमच्यापक्षा दोन वर्षानं मोठ्या निंगाल्या बाप्पा."

रांग हसली. वाईट कुणी हसलं नाही, पण हसली. पुंजाजीनं एक कप पार्बताबाईच्या हातात दिला, दुसरा तसाच धरून ठेवला, आणि ऑटोत या वेळी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

संध्याकाळी ताट वाढलं तेव्हा तो म्हणाला, "तुमी जेवून घ्या."

पार्बताबाईच्या हातातली पळी थांबली. पन्नास वर्षांत या माणसानं तिला तू सोडून काही म्हटलं नव्हतं.

तीन दिवस हाच कार्यक्रम. तुमी बसा. तुमी झोपा. तुमाले औषध पायजे काय. गड्याचा राग असा सभ्य, की शेजारची बाई दारातून ऐकून परत गेली. खिशातलं कार्ड त्यानं काढून कपाटात ठेवलं होतं. आणि प्रतिज्ञापत्राचं नाव घ्यायची पार्बताबाईची छाती होईना. तिचं चालणं आता या माणसाच्या एका सहीवर येऊन थांबलं होतं, आणि त्या सहीचा अर्थ असा, की आपली बायको आपल्यापेक्षा मोठी आहे हे त्यानं सरकारी कागदावर कबूल करायचं.

चौथ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन बसला. ती दाराच्या चौकटीला टेकून खुर्चीवर.

"कावून नाई सांगतलं?" त्यानं विचारलं. 

"सांगतलं असतं त तुमच्या बानं पोरगी केली असती?"

"तवाचं जाऊ द्या. पन्नास वर्षांत एकडाव नाई वाटलं?"

"लय डाव वाटलं," ती म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "पन तुमाले मोठेपनाची लय हौस. मी मोठा हाओ, मले समजते. मी मोठा हाओ, मी सांगन तसं. म्या म्हनलं, राहू दे. मानसाचं मन राहते. त्याच्यात माया काय गेलं? पाच वर्षं गेले, अजून काय."

"मले का ते पाच वर्षं वापस करता येतात आता? अजून काय लपोलं ते सांगून टाक." रागाच्या भरात त्याचं तुमी सुटलं, हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

पार्बताबाईनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "नागपूर."

"काय नागपूर?"

"छपन साल. मी होती तथी."

पुंजाजीच्या हातातली शेंग हातातच राहिली. दर वर्षी धम्मदीक्षेच्या दिवशी विहारात म्हातारी माणसं बसायची आणि कुणाचा बाप कसा नागपूरला गेला ते सांगायची. पुंजाजीचं दर वर्षीचं ठरलेलं. त्याला ताप होता, दोन वर्षांचा होता, आई त्याला घेऊन घरीच राहिली, आणि सगळं गाव गेलं. हे सांगताना त्याचा आवाज दर वर्षी तसाच बसायचा. आणि कागदोपत्री सत्तावन साली जन्मलेली पार्बताबाई मागे चुलीपाशी चहा गाळत ऐकायची.

"चार वर्षाची होती," ती म्हणाली. "बाच्या खांद्यावर. बाचं डोकं घामानं ओलं होतं, मी त्याचे केस धरून बसली होती. जथी पाहावं तथी पांढरे लुगडे. मले वाटलं कापूस फुटला."

"बाबासाहेब दिसले?"

"नाई. मानसंच मानसं. भोंग्यातून आवाज येये, अन सगळे त्याच्या मागून म्हनत. मी बी म्हने. समजत काईच नवतं. सगळे थांबले तरी मी बोलूनच राह्यली होती, मंग बानं माया तोंडावर हात ठेवला. अन हसला. माय गेल्यावर बा तसा हसला नाई कधी."

पुंजाजी तिच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. सत्तर वर्षं ज्या दिवसासाठी तो हळहळला, तो दिवस पाहिलेलं माणूस त्याच्या घरात भाकरी थापत होतं, आणि त्याचा मान राखायचा म्हणून गप्प होतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा आनंद जास्त झाला. तो उठला, आत गेला, धुतलेला सदरा घालून बाहेर आला.

"चाल. तहसीलले."

"आज? तुरी राहिल्या सोलाच्या."

"तुरी बुढी होत नाईत. चाल."

तहसील कचेरीबाहेर टंकलेखकानं छापील मजकूर काढला, नावं भरली आणि सहीला पुढे केला. पुंजाजीनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि कागद परत दिला.

"ती मायापक्षा दोन वर्षानं मोठी हाय, हे कुठी हाय याच्यात?"

"त्याची गरज नसते काका. दोन नावं एकाच व्यक्तीची, एवढं पुरते."

"तुमाले पुरते. मले नाई पुरत. लिवा."

टंकलेखकानं शेवटी एक ओळ वाढवली. पुंजाजीनं सही केली, अशी ठासून, की मागच्या पानावर उमटली. मग परत येताना एसटी स्टँडवर, किराणा दुकानात, पानठेल्यावर, जो भेटेल त्याला हा स्वतःच सांगत सुटला, की आमच्या घरी छपन सालचं माणूस आहे, खुद्द नागपूर पाहिलेलं. सकाळपर्यंत ज्याला बातमी फुटायची भीती होती, त्यानंच संध्याकाळपर्यंत गावात एक घर शिल्लक ठेवलं नाही.

आधार दुरुस्त झालं. माधवीनं मोबाईल धरला, पार्बताबाईनं डोळे मिचकावले, कार्ड आलं. त्याच आठवड्यात विमा कंपनीचं पत्रही आलं, की आपलं वय पाच वर्षांनी वाढल्याची नोंद घेतली आहे, सबब हप्ता वाढेल. प्रीतमनं ते फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मायलेक इतके हसले की पुंजाजी ओट्यावरून विचारू लागला, झालं काय.

अकोल्याच्या दवाखान्यात योजनेच्या टेबलावरच्या मुलीनं वय विचारलं. पुंजाजीनं तोंड उघडलं होतं, पण पार्बताबाईनं त्याच्या आधी सांगितलं, "त्र्याहत्तर." एवढ्या मोठ्यानं, की बाकावरची माणसं वळून बघू लागली. हा आकडा तिनं आजवर स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हटला नव्हता. तिला त्याची चव आवडली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी नर्सनं तिला वॉकर देऊन उभं केलं. दुखत होतं, पण ते दुखणं नवं होतं, जुनं गेलं होतं. भिंत न धरता तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि खोलीबाहेरच्या लांब व्हरांड्यात आली. प्रीतम बाजूला, पुंजाजी पाठीशी. अर्ध्यावर गेल्यावर तिनं मान वळवून पाहिलं. नवरा दोन पावलं मागेच होता.

"अवो, असे मांगं मांगं काय येऊन राह्यले? पुढं व्हा ना."

"चाल तू," पुंजाजी म्हणाला. "मोठ्या मानसाच्या पुढं चालत नसतात."