मापाची गोधडी

घड्याळजींनी गोधडी उचलली, तर खाली अंथरलेली सतरंजीही तिच्याबरोबर उठून आली. दुपारभर मान मोडून घातलेली ओळ त्यांनी सतरंजीसकट शिवली होती.

कॉटवरून बायको हसली. आजारपणात उजवा हात लुळा पडल्यापासून ती फारशी हसत नसे, त्यामुळे घड्याळजींना धड रागावताही आलं नाही. ते चष्मा पुसून उसवायला बसले.

"आणि टाके एवढे बारीक कशाला?" ती म्हणाली. "पुठ्ठा झालाय नुसता. अहो, गोधडी आहे ही, मनगटी घड्याळ नाही."

"पक्की नको का व्हायला?"

"आत हवा राहिली तर ऊब येते. मोठे टाके घाला, सैल."

जन्मभर भिंगाखाली केसासारख्या स्प्रिंगा बसवलेला हात मोठा टाका घालताना चोरी केल्यासारखा बिचकत होता. सुई सगळ्या थरांतून जाईना, गेली तर थेट बोटात शिरे. मधलं जुनं ब्लँकेट सारखं एका बाजूला गोळा होई. आजवर हे सगळं ती करायची आणि घड्याळजी फक्त सुई ओवून द्यायचे, तेही उपकार केल्यासारखं. आता ते आठवून त्यांना लाज वाटे.

थंडी तोंडावर आली होती. तिचे पाय संध्याकाळपासूनच गार पडत, कितीही चोळले तरी गरम होत नसत. डॉक्टर घरी आले की तिच्याशी हसून बोलत आणि जाताना घड्याळजींना जिन्यापर्यंत सोबत नेत. जिन्यातलं बोलणं त्यांनी कधी घरात आणलं नाही. तिची गोधडी मात्र थंडीच्या आत व्हायलाच हवी होती.

"खाली अजून एक पट्टी जोडा," एकदा ती म्हणाली.

"कशाला? तू माझ्या खांद्याला लागतेस."

"धुतली की आटते."

त्यांनी कुरकुरत जुन्या शर्टांची पट्टी जोडली. शेवटी एकदाचा दोरा दातांनी तोडून गोधडी तिच्या अंगावर घातली, तर ती पायांवरून पुढे जाऊन कॉटखाली लोंबायला लागली.

"सांगत होतो. लांब झाली."

"तुम्ही घेऊन बघा."

"मी कशाला?"

"बघा तर."

ते सतरंजीवर आडवे झाले. गोधडी हनुवटीपासून अंगठ्यापर्यंत बेताची बसली. कॉटच्या कडेवर मान टेकून ती त्यांच्या पायांकडे बघत होती.

"पाय उघडे पडत नाहीत ना?"

"नाही."

"उसवली तर आता तुमची तुम्हाला शिवता येईल," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

घड्याळजी छताकडे बघत पडून राहिले. अंगावर गोधडी असूनही त्यांना थंडी वाजली. मग ते उठले, कपाटातून तिची निळी चादर काढली आणि सुईत दोरा ओवला.

"आता काय राहिलं?"

"रुंदीला कमी पडते. दोघांना पुरत नाही."

त्यांनी चादर गोधडीच्या कडेला लावली. पहिला टाका सवयीने बारीक आला, दुसराही.

"मोठे घाला," डोळे न उघडता ती म्हणाली. "लवकर होईल."