मिठाने खाल्लेला ट्रक

मित्रांनो, मी एक जुना मालट्रक आहे. आडा गावात मला सगळे मिठाचा ट्रक म्हणूनच ओळखतात, कारण उभा जन्म मी मीठच वाहिले. आज मला पाहाल तर निळा रंग आणि नवा लाकडी हौदा दिसेल. पण जवळ येऊन दारावरून हात फिरवलात, तर रंगाखाली ठिगळेच ठिगळे हाताला लागतील. ती कशी लागली, ते सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. जहाजातून तेमाच्या बंदरात उतरलो तेव्हा मी अर्धाच होतो. पुढे केबिन आणि मागे नुसता सांगाडा. हौदा इथल्या सुतारांनी ओडुमच्या जड लाकडाचा बांधला. माझे मालक नार्ते तेव्हा तरुण होते. इतर ट्रकांच्या कपाळावर ‘देव मोठा आहे’, ‘जळणारे जळोत’ असे काहीबाही लिहिलेले असायचे. रंगाऱ्याने विचारले, “तुझ्या ट्रकवर काय लिहू?” नार्ते डोके खाजवत म्हणाले, “लिही, ‘घाई कुणाला आहे?’”

आणि खरोखरच त्यांनी कधी घाई केली नाही. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की सोंगोरचे खारे तळे आटते आणि काठावर पांढरे मीठ धरते. बायका ते खरवडून, घमेल्यांत भरून डोक्यावरून माझ्यापर्यंत आणत. मग आम्ही टेचिमान, तामाले अशा लांबच्या बाजारांना निघत असू. परत आल्यावर नार्ते माझ्या पोटाखाली शिरून गोड्या पाण्याने मला स्वच्छ धूत. त्यांच्या बायकोला, माकूबाईंना, याचा राग यायचा. त्या म्हणायच्या, “स्वतःची आंघोळ राहिली तरी चालेल, पण याची चुकायची नाही.” पण पाण्याच्या बादल्या आणून देत त्याच.

मग नार्तेंच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. आधी त्यांना रस्त्याच्या कडा दिसेनाशा झाल्या, मग समोरून येणारी माणसे. एका सकाळी त्यांनी मला अंगणातल्या कडुनिंबाखाली उभे केले, चाचपडत खाली उतरले आणि पुन्हा चालकाच्या जागी कधी चढले नाहीत.

मित्रांनो, मीठ फार चिवट असते. सांध्यासांध्यांत राहिलेल्या मिठाने मला आतून खायला सुरुवात केली. पावसाळे आले आणि गेले. दारांचे पापुद्रे सुटले, मडगार्ड गळून पडले, हौद्याला वाळवी लागली. केबिनमध्ये कोंबड्या राहायला आल्या. त्याच झाडाखाली बाकावर नार्ते बसून असत, माझ्याकडे पाठ करून. कोणी मक्याच्या पिठाचे केंके आणि मासा पुढे ठेवला तर खात. नाही ठेवला तर मागत नसत. हळूहळू त्यांनी बोलणेही सोडले.

त्यांची थोरली मुलगी देदे जवळच्या कासे गावच्या चौकात लोखंडी दरवाजे आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवते. लहानपणी तिला ट्रक चालवायला शिकायचे होते. नार्ते म्हणाले होते, “ही बाईमाणसाच्या हाती द्यायची वस्तू नाही.” ती रडली नाही की भांडली नाही. गेली आणि वेल्डिंग शिकली. बाप बोलेनासा झाला हे कळल्यावर ती एके दिवशी हातगाडीवर आपले वेल्डिंगचे मशीन घालून अंगणात आली.

“बाबा, मी याला उभा करणार आहे,” ती म्हणाली.

“भंगारात दे,” नार्ते म्हणाले. बऱ्याच दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द होते.

माकूबाई दारातूनच बोलल्या, “स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय, ते ठोकायला कुणाला वेळ नाही. आणि या थेरड्याला लाली-पावडर.”

देदेने कोणाचेच ऐकले नाही. तिने माझा सडका हौदा उतरवला, दारे काढली, तारेच्या ब्रशने मला घासायला घेतले. लाल भुकटी तिच्या केसांत, कानांत, जेवणातसुद्धा जाई. मला लाज वाटत होती. घासेल तिथे भोक पडत होते. तिने एक ठिगळ लावावे, तर शेजारचा पत्रा सुटावा.

एके दुपारी ती केबिनमध्ये चढली आणि तळाचा पत्रा खचला. तिचा पाय गुडघ्यापर्यंत आरपार गेला, पत्र्याने पोटरी फाटली. खूप रक्त आले. मला जे वाटले ते मला सांगता येत नाही. जिला मी लहानपणी माझ्या बॉनेटवर बसवले, तिलाच मी जखमी केले होते.

माकूबाईंनी तिच्या पायाला पट्टी बांधली आणि त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला निरोप धाडला. “उद्या सकाळी येऊन ने,” त्या म्हणाल्या. “मला ट्रक नको, पोरीचे पाय हवेत.”

सकाळी भंगारवाला दोन माणसे आणि कापायचे सामान घेऊन आला. देदे पाय लांब करून ओट्यावर बसली होती. मला वाटले, संपले.

तेवढ्यात नार्ते बाकावरून उठले. हात पुढे धरून, पायांनी जमीन चाचपत ते माझ्यापाशी आले, पायरीवर हात फिरवला आणि तिथेच बसले.

“बाजूला व्हा, आजोबा,” भंगारवाला म्हणाला.

“आत कोंबडी अंड्यांवर बसलीय.”

“मग?”

“मग काय? ती उठेपर्यंत हा कुठे जात नाही. बसलेल्या कोंबडीला उठवतात होय?”

भंगारवाल्याने माकूबाईंकडे पाहिले. माकूबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. एवढी वाक्ये एका दमात त्यांनीही फार दिवसांनी ऐकली होती. “पिल्लं निघाली की ये,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून नार्तेंचा बाक माझ्याकडे तोंड करून ठेवला गेला. मग ते स्वतः उठून माझ्यापाशी येऊ लागले. हातात एक पाना घेऊन ते माझा सांगाडा ठोकत ठोकत पुढे सरकत. एका ठिकाणी थांबून म्हणाले, “इथे आवाज बसका आहे. काप.”

देदेने वाकून पाहिले. “चांगलं दिसतंय की, बाबा.”

“तुला दिसतंय ना, म्हणून फसतेस. काप.”

तिने कापले. आत नुसता गंजाचा भुगा होता. देदे हसायला लागली. नार्तेंच्या ओठांचा कोपराही हलला, मी पाहिला. मग ते दोघे रोज तसेच काम करू लागले. ते ठोकत, ती खडूने खूण करी, कापी, नवा जाड पत्रा जोडी. ती तोंडासमोर धरलेल्या काळ्या काचेमागून ठिणग्या पाही, तेव्हा ते दुसरीकडे तोंड करून तिला जुन्या रस्त्यांच्या गोष्टी सांगत. कुठे चढ लागतो, कुठे चिखलात फसायला होते, कुठल्या गावात बकरे मध्येच आडवे येतात. शिकवतो आहे असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. शिकते आहे असे तीही म्हणाली नाही.

यथावकाश पिल्ले निघाली आणि आईमागे अंगणभर फिरू लागली. भंगारवाला पुन्हा आला. तेव्हा नार्ते आणि देदे माझ्या पोटाखाली होते. माकूबाई अंगण झाडत होत्या.

“काय बाई, उठली का कोंबडी?”

माकूबाईंनी केरसुणी थांबवली नाही. “दुसरी बसलीय,” त्या म्हणाल्या.

माझ्या केबिनमध्ये तेव्हा एकही कोंबडी नव्हती. भंगारवाल्याने वाकून पाहिले, ओठ दाबून हसला आणि निघून गेला. माकूबाईंनी झाडता झाडता मला एक फटका दिला. “घाई कुणाला आहे म्हणे,” त्या पुटपुटल्या.

इंजिनासाठी नार्तेंचा जुना मित्र टेये फिटर आला. त्याने माझे आतडे अन् आतडे उलगडले, धुतले, पुन्हा बसवले. किल्ली फिरवल्यावर मी आधी नुसता खोकलो. काळा धूर निघाला. पुन्हा खोकलो, आणि मग माझ्या छातीत जुना ठोका सुरू झाला. नार्ते बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवून किती तरी वेळ उभे होते. टेये त्यांच्याशी काही बोलायला गेला, तर माकूबाईंनी त्याचा हात धरून मागे ओढले.

नवा हौदा चढला, निळा रंग लागला. देदे चालकाच्या जागी बसली. कासेच्या चौकात दुरुस्तीला येणारे ट्रक हलवता हलवता ती कधीच चालवायला शिकली होती. नार्ते शेजारच्या जागेवर बसले. इतक्या वर्षांत त्या जागेवर ते कधी बसले नव्हते. तिथे ब्रेक नसतो, तरी त्यांचा पाय तो शोधत होता.

गावाबाहेरचा चढ लागला. “गिअर,” नार्ते म्हणाले.

“बदलला, बाबा.”

ते कान देऊन ऐकत राहिले. पुढच्या वळणावर त्यांनी तोंड उघडले, पण देदेने आधीच वेग कमी केला होता. त्यांनी तोंड मिटले.

“तळं कसं दिसतंय?” थोड्या वेळाने त्यांनी विचारले.

“पांढरं झालंय. बायका घमेली घेऊन रांगेने चालल्यात. एकीने आपल्याला हात केला.”

“तूही कर.”

देदेने हात केला. परतताना तिने पाहिले तर नार्तेंची मान खिडकीला टेकली होती. दुसऱ्या कोणी गाडी चालवली की त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. ते हलकेच घोरत, शांत झोपले होते. देदेने घराकडचे वळण सोडून दिले आणि लांबच्या, सपाट रस्त्याने मला नेले. मित्रांनो, माझे स्प्रिंगचे पाटे मुळातच कडक. पण त्या दिवशी मी स्वतःला जितके मऊ करता येईल तितके मऊ केले.

मी जुना आहे आणि पुन्हा गंजणार आहे. मिठाचे काम आहे ते. पण तुमच्याकडे एवढेच मागतो. ज्याने तुमचे ओझे वाहिले, त्याला अंगणाच्या कोपऱ्यात एकट्याला उभे करून ठेवू नका, मग तो ट्रक असो की माणूस. तो दुरुस्त होईल की नाही ते मागाहून पाहा. आधी त्याच्या जवळ जा, हात लावा, आणि त्याला काही काम सांगा.